शेवटचा हात

माझा पहिला सिगार पेटला, पण ओढता आला नाही. टॅम्पातल्या भाड्याच्या घराच्या बाल्कनीत बसून पाच मिनिटं मी गाल खोल जाईपर्यंत ओढत होतो आणि धुराचा पत्ता नव्हता. शेवटी तो विझवला आणि सुरीनं उभा चिरला. उशीत कापूस कोंबावा तशी आत पानं कोंबलेली होती. हवेला जायला वाटच ठेवली नव्हती. दुसरा मी सैल भरला, तर तो एका अंगानं भराभर जळत गेला आणि दुसरं अंग तसंच राहिलं. तिसरा हातातच उलगडला. पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे मी लगेच एक स्प्रेडशीट उघडली आणि कोणत्या सिगारमध्ये काय चुकलं याची नोंद सुरू केली. नोंदी वाढत गेल्या, सिगार मात्र बराच काळ सुधारले नाहीत.

सिगार कसा वळावा हे सांगायला मी बसलेलो नाही. ओढावा असं तर सांगणारच नाही; तंबाखू माणसाचं काय करतो हे मी वाढलो त्या घरात कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला लिहायचंय ते सिगारभोवतीच्या एका नाटकाबद्दल, दोन पुस्तकांबद्दल आणि एका छोट्या माहितीपटाबद्दल. नाटक आणि पुस्तकं मी आधी वाचली तेव्हा मला फार आवडली होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बारा सिगार वळून झाल्यावर परत वाचली, तेव्हा त्यांच्यात एक मोठी मोकळी जागा दिसायला लागली. ती आधी का दिसली नव्हती, हा माझा प्रश्न आहे.

*

टॅम्पा हे फ्लोरिडातलं शहर. त्यातला ईबोर सिटी हा भाग विसेन्ते मार्तिनेस ईबोर या कारखानदारानं १८८० च्या दशकात वसवला. क्यूबातून बोटीनं तंबाखू यायचा आणि क्यूबन, स्पॅनिश, सिसिलियन कामगार तो वळायचे. आज त्या लाल विटांच्या इमारतींमध्ये ऑफिसं आणि बार आहेत, आणि रस्त्यांवर कोंबड्या मोकाट फिरतात. नोकरीसाठी इथं आलो तेव्हा पहिल्याच रविवारी मी त्या कोंबड्या पाहिल्या आणि आपल्याकडच्या कुठल्यातरी बाजारपेठेत आल्यासारखं वाटलं.

या कारखान्यांमध्ये एक माणूस तंबाखूला हात न लावता पगार मिळवायचा. तो म्हणजे 'लेक्तोर', वाचक. उंच व्यासपीठावर बसून तो वळणाऱ्यांना वर्तमानपत्रं वाचून दाखवायचा, कादंबऱ्या वाचून दाखवायचा. ही प्रथा १८६५ मध्ये हवानात सुरू झाली. त्याला पैसे मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत आणि काय ऐकायचं तेही स्वतः ठरवत. होसे मार्ती १८९१ मध्ये ईबोर सिटीत येऊन क्यूबाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलला, तेव्हा ऐकायला सरावलेले कान त्याला आयते मिळाले. १९३१ मध्ये टॅम्पाच्या मालकांनी लेक्तोर काढून टाकले. त्यांच्या जागी रेडिओ आले.

निलो क्रूझचं 'ॲना इन द ट्रॉपिक्स' हे नाटक या शेवटाच्या जरा आधी, १९२९ मध्ये घडतं. २००३ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. सांतियागो आणि ओफेलिया यांचा छोटा कारखाना आहे. त्यांच्या दोन मुली, कोंचिता आणि मारेला, तिथंच काम करतात. कोंचिताचा नवरा पालोमो, आणि सांतियागोचा सावत्र भाऊ चेचे, हेही तिथंच. नाटक उघडतं तेव्हा पुरुष कोंबड्यांच्या झुंजीवर पैसे लावतायत आणि बायका बंदरावर नव्या लेक्तोरची बोट यायची वाट बघतायत. हुआन हुलियान नावाचा तो लेक्तोर येतो आणि 'ॲना कॅरेनिना' वाचायला घेतो. फ्लोरिडाच्या उकाड्यात रशियातलं बर्फ पडायला लागतं. कोंचिता त्याच्या प्रेमात पडते, तिच्या लग्नाची घडी विस्कटते आणि मग विचित्र रीतीनं परत बसायला लागते. चेचेला लेक्तोर नको असतो, कारण त्याची बायको आधीच्या लेक्तोरबरोबर निघून गेलेली असते. त्याला कारखान्यात मशीन आणायचं असतं. शेवटी तो वाचत असलेल्या हुआन हुलियानला गोळी घालतो.

मी हे नाटक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातून चेचेच्या बाजूनं होतो, हे कबूल करतो. त्याच्या गोळीच्या नाही, मशीनच्या. कामाचा वेग वाढवणं यासाठीच मला पगार मिळतो. पण मग आमच्या टीममध्ये कोड लिहून देणारं एक टूल आलं, आणि एका मीटिंगमध्ये कुणीतरी अगदी सहज म्हणालं की आता प्रत्यक्ष लिहायला इतकी माणसं कशाला लागतील. त्या रात्री मी तो प्रसंग पुन्हा वाचला, ज्यात हुआन हुलियान मशीनविरुद्ध बोलतो आणि कामगार त्याची बाजू घेतात. या वेळी मी वळणाऱ्यांच्या बाकावर बसलो होतो. कोड आपण हातानं लिहितो, ही भावना मला त्या दिवसापर्यंत कधी झालीच नव्हती. त्याच आठवड्यात मी सिगारची पानं मागवली. हातानं काहीतरी करून बघावं, एवढाच विचार होता. खरं सांगायचं तर नाटकातलं कुणीतरी व्हायचं होतं.

*

आता थोडं ओट्यावरचं सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

सिगारला तीन थर असतात. आतला गाभा, म्हणजे 'त्रिपा', लांब पानांच्या घड्या एकत्र धरून केलेला. त्याला बांधून ठेवणारं पान म्हणजे 'कपोते'. आणि सगळ्यात वरचं, दिसायला देखणं, पातळ, ताणलं तर न फाटणारं पान म्हणजे 'कापा'. गाभ्यातली पानं एकाच झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची असतात. खालची 'व्होलादो' चांगली जळतात, पण त्यांना चव बेताची. मधली 'सेको', त्यांचा सुवास. वरची 'लिहेरो', ऊन जास्त खाल्लेली, जाड, तेलकट, कडक आणि जळायला आळशी. मिश्रण करायचं म्हणजे या तिघांचं प्रमाण जमवायचं आणि जागाही ठरवायची. आळशी लिहेरो मधोमध ठेवायचा, म्हणजे आजूबाजूची पानं त्याला ओढत नेतात. तो कडेला गेला की सिगार एका अंगानं जळतो. माझ्या दुसऱ्या सिगारचं तेच झालं होतं. हे समजायला मला तीन आठवडे लागले, कारण मी दर वेळी प्रमाणही बदलत होतो आणि जागाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी ऑफिसात नव्या मुलांना रोज सांगतो.

हे सगळं पुस्तकांत येतं आणि त्यात गंमत आहे. पण स्प्रेडशीटमध्ये मी वेळाचाही रकाना ठेवला होता. बारा सिगारांच्या एका खेपेला माझे हात साडेसात तास गुंतले होते. त्यातले प्रत्यक्ष वळण्याचे दोन तासांपेक्षा कमी. बाकीचा वेळ कुठं गेला? कोरडं पान कुरकुरीत पापडासारखं असतं, हात लावला तर चुरा होतो. त्याला फवाऱ्यानं ओल द्यायची, पिशवीत ठेवायचं, मऊ पडलं की एकेक उलगडायचं. मग मधली जाड शीर काढायची. ती टोकाकडून सोडवत आणली तर पानाचे दोन नीट अर्धे होतात. घाई केली तर कापा फाटतो आणि तो आता फक्त गाभ्यात घालायच्या लायकीचा उरतो. मग प्रतवारी: हे जाड, हे पातळ, हे भोक पडलेलं, हे डाव्या अंगाचं, हे उजव्या. गाभ्याची पानं परत थोडी सुकू द्यायची, वरचं पान ओलसर ठेवायचं. मग वळणं. वळणं ही सगळ्या कामाची शेवटची, सगळ्यात कमी वेळाची आणि सगळ्यात सुखाची पायरी आहे. आपल्याकडे कशावरूनही शेवटचा हात फिरवणारा माणूस नाव कमावून जातो, तसंच इथं.

आणि माझा साडेसात तासांचा हिशेबही खोटाच आहे. पान माझ्याकडे आलं ते आधीच मुरवलेलं. शेतातून काढून, टांगून सुकवलेल्या पानांचे मोठे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते, पानातून अमोनिया बाहेर पडतो, कडवटपणा उतरतो. ढीग फार तापायच्या आत मोडायचा, वरचं खाली आणि खालचं वर करून परत रचायचा, असं अनेकदा. हे कुणीतरी माझ्यासाठी करून ठेवलं होतं. मी चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहितो आणि त्याला 'माझा' म्हणतो, तेव्हा त्याच्या खाली दुसऱ्यांनी लिहिलेल्या लाखो ओळी असतात. घरी वळलेला सिगार तितकाच घरगुती असतो.

पहिला बरा जमलेला सिगार एका मित्राला दिला. तो या विषयातला दर्दी आहे. त्यानं डोळे मिटून सांगितलं की सुरुवातीला देवदार आहे, मग कोको आणि शेवटी चामडं. मला आनंद झाला, पण नंतर वाटलं, हा सिगारच्या परीक्षणांचा सगळा शब्दसंग्रह तंबाखू सोडून जगातल्या प्रत्येक वस्तूचं नाव घेतो. पानाचं वर्णन करायला पानाकडे शब्दच नाहीत का? निदान एका भाषेत आहेत, हे मला माहीत होतं. त्याकडे येतोच.

*

क्यूबाचा मानववंशशास्त्रज्ञ फर्नांदो ओर्तिस याचं 'तंबाखू आणि साखर यांची क्यूबन जुगलबंदी' हे पुस्तक १९४० चं. (शीर्षकाचा अनुवाद माझा, मूळ शब्द 'कोन्त्रापुन्तेओ' संगीतातला आहे, म्हणून जुगलबंदी.) संस्कृती एकमेकींत मिसळताना दोन्ही बदलतात, यासाठी त्यानं घडवलेला 'ट्रान्सकल्चरेशन' हा शब्द आज समाजशास्त्राच्या प्रत्येक वर्गात ऐकू येतो. पण पुस्तकाची मजा त्याच्या रचनेत आहे. मध्ययुगीन स्पॅनिश काव्यातल्या एका लुटुपुटीच्या लढाईचा धागा पकडून ओर्तिस दोन पिकांना समोरासमोर उभं करतो. साखर म्हणजे गुलामांचे तांडे, मोठी यंत्रं, परकी भांडवल, एकसारखे पांढरे कण. तंबाखू म्हणजे छोटं शेत, जपणूक, कौशल्य, प्रत्येक सिगारची वेगळी ओळख. साखर बाई आहे, तंबाखू बुवा आहे. ही कल्पना तो इतक्या खेळकर विद्वत्तेनं फुलवतो की वाचताना आपण मान डोलवत राहतो.

मीही डोलवली होती. पण शिरा काढून बोटं काळी-चिकट झाल्यावर प्रश्न पडला: हे 'कौशल्य' नेमकं कुणाच्या हातातलं? हवानात काय किंवा टॅम्पात काय, पानाची शीर काढण्याचं काम प्रामुख्यानं बायका करत. त्यांना 'देस्पालियादोरा' म्हणत, आणि वळणाऱ्यापेक्षा त्यांची मजुरी कमी असे. एकसारखी, न संपणारी, अंगावर मोजली जाणारी हालचाल हे जर साखरेचं लक्षण असेल, तर तंबाखूच्या पोटातच एक साखरेचा कारखाना आहे. ओर्तिसला ही माणसं ठाऊक नव्हती असं मी म्हणणार नाही. त्याला क्यूबाबद्दल काय ठाऊक नव्हतं हे शोधणं कठीण आहे. पण जुगलबंदीचा तोल सांभाळायचा तर तंबाखूच्या बाजूला ऐटदार माणूस बसवावा लागतो. तो माणूस म्हणजे वळणारा. आमच्या भागात कुणी 'तंबाखू खाल्ला' म्हणतं, कुणी 'तंबाखू खाल्ली'. ओर्तिसचं पुस्तक मराठीत आणताना ही अडचण अनुवादकाला पहिल्याच पानावर येईल, आणि मला वाटतं ती उपयोगाची अडचण ठरेल.

दुसरं पुस्तक गिएर्मो काब्रेरा इन्फान्तेचं 'होली स्मोक', १९८५ चं. हद्दपार होऊन लंडनमध्ये स्थायिक झालेल्या या क्यूबन लेखकानं थेट इंग्रजीत लिहिलेलं हे पहिलं पुस्तक. कोट्या, श्लेष, आणि सिगार ओढणारे सिनेमातले लोक. मला ते आजही आवडतं, कारण कोटी करण्याचा त्याचा हव्यास हा गाव सुटलेल्या माणसाचा हव्यास आहे. परक्या भाषेत घर नसतं, म्हणून तो तिथं खेळ मांडतो. पण हे पुस्तक ओठापासून सुरू होतं. सिगार तयार आहे, पेटलेला आहे, आणि तो कुणाच्या तोंडात शोभतो एवढाच प्रश्न आहे. ओर्तिस शेवटच्या हातापर्यंत तरी येतो, इन्फान्ते त्याही पुढून निघतो.

क्रूझचं नाटक या दोघांपेक्षा कामगारांच्या जास्त जवळ आहे. तिथं काम आणि प्रेम एकाच बाकावर होतं. कोंचिता ज्या तऱ्हेनं कादंबरीतून आपल्या लग्नाबद्दल बोलायची भाषा मिळवते, ते मराठी नाटकांवर वाढलेल्या माणसाला अजिबात परकं वाटत नाही. तरीही त्याचा कारखाना म्हणजे एक कुटुंब आहे, आणि मालक व मजूर यांच्यातलं भांडण हे भावाभावांचं भांडण होऊन जातं. मशीन आणावं की नाही हा प्रश्न चेचेच्या जखमेत विरघळतो. मुख्य म्हणजे, तिथं सगळ्यांचे कान मोकळे आहेत. वाचन ऐकू येण्याइतकी शांतता आहे, नाका-तोंडावर काही बांधावं लागत नाही. पहिल्यांदा वाचताना हे मला कारखान्याचं वास्तव वाटलं होतं. आता वाटतं, ही त्या कामाच्या साखळीतली एकच खोली आहे.

*

मी निपाणीचा आहे. कर्नाटकातलं, बेळगाव जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेलं मराठी बोलणारं गाव. इथला तंबाखू सिगारचा नाही, विडीचा. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथं मोठं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. ते आम्हाला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. माझी आजी त्या काळात तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिच्याबद्दल मात्र घरात 'वखारीला जायची' एवढंच बोललं जायचं.

'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट १९८२ चा. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या 'युगांतर' या गटानं तो निपाणीच्या वखारींतल्या कामगार बायकांबरोबर केला. जेमतेम पंचवीस मिनिटांचा. याच गटानं त्याआधी पुण्यातल्या घरकामगार बायकांवर 'मोलकरीण' केला होता. मी तो टॅम्पात लॅपटॉपवर पाहिला, सिगार वळायला लागल्यानंतर, आणि माझ्या गावाबद्दलची ही गोष्ट मला गाव सोडून इतक्या लांब आल्यावर कळावी याची लाज वाटली.

त्यात वळणारं कुणी नाही. वखारीतली कामं विडी वळण्याच्याही आधीची: तंबाखू कुटणं, चाळणं, पाखडणं, निवडणं. हवेत धूळ आहे आणि त्या धुळीत बायका. मग त्या बोलतात: मजुरी, मुकादम, कामाचे तास, संघटना. बैठका होतात, मोर्चा निघतो. चित्रपट म्हणून त्याची ताकद माझ्या मते त्याच्या साधेपणात आहे. कॅमेरा कामाकडे 'कला' म्हणून बघत नाही. हाताचा जवळून घेतलेला सुंदर शॉट, मग पार्श्वसंगीत, मग पिढ्यान्पिढ्यांचा वारसा, असं सिगारवरच्या आजच्या चकचकीत व्हिडिओंमध्ये असतं तसं इथं काही नाही. काम हे इथं थकवणारं काम आहे आणि त्याबद्दल काय करायचं हा प्रश्न आहे.

शीर्षकाचा मला सिगारमुळे नवा अर्थ लागला. रचून ठेवलेल्या तंबाखूला आतून चढणारी उष्णता म्हणजे ऊब. क्यूबातल्या ढिगाऱ्याला जी येते तीच. बाहेरून काही दिसत नाही, पण हात खुपसला तर पोळतो. बायकांच्या संघटनेसाठी यापेक्षा नेमकी प्रतिमा बाहेरून आणता आली नसती; ती त्यांच्या कामातूनच आलेली आहे. टॅम्पातले कामगार रशियन कादंबरी ऐकून पेटतात. निपाणीतल्या बायकांसमोर कुणी कादंबरी वाचत नव्हतं. त्या आपल्याच तोंडून आपलीच गोष्ट ऐकतात, आणि ती ऐकायला त्यांना आधी काम थांबवून एकत्र बसावं लागतं. लेक्तोरच्या प्रथेवर मी अजूनही भाळलेला आहे. पण आता तिच्याबद्दल वाचताना विचारतो की याच कारखान्याच्या कोणत्या खोलीत बोलणं ऐकूच येत नव्हतं.

*

पहिल्या खेपेच्या वेळी आजीचा व्हिडिओ कॉल आला होता. ओट्यावर पानं पसरलेली तिला दिसली.

"काय करालाईस रं?"

"तंबाखू वळालोय आजी."

"इडी?"

"न्हाई. चिरूट."

"कोण घेतंय?"

"कोण न्हाई. मीच."

ती खूप हसली. एवढं शिकून शेवटी तंबाखूतच आलास, असं काहीतरी म्हणाली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "आधी खिडकी उघड."

मी खिडकी बंद ठेवली होती, पानं वाऱ्यानं कोरडी पडू नयेत म्हणून. कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही परीक्षणात खिडकी उघडायला सांगितलेलं मी वाचलं नव्हतं. खिडकी उघडल्यावर घशातली खवखव कमी झाली, तेव्हा कळलं की ती होती. आमच्याकडे त्या वासाला 'खाट' म्हणतात. देवदार, कोको आणि चामडं यांच्याही आधी नाकात शिरणारी, ठसका आणणारी. पानाचं वर्णन करणारा शब्द मी म्हणत होतो तो हा. तो ओढणाऱ्याचा शब्द नाही. तंबाखूत दिवसभर बसलेल्या माणसाचा आहे.

नंतर मी चुलत भावाला सांगून आजीला तो माहितीपट दाखवला. ती ओळखीचे चेहरे शोधत होती. दोन बायकांची नावं घेतली, पण त्या त्याच होत्या की कसं, तिलाच खात्री नव्हती. संपल्यावर काय वाटलं विचारलं, तर म्हणाली, "सगळं बरोबर हाय. पर वास न्हाई ह्येला." मग पदर नाकावरून गच्च बांधून दाखवला आणि त्या पदरातून बोलून दाखवलं. काही कळेना. "आसं बोलायचो," म्हणाली. मी त्या माहितीपटाबद्दल जे काही लिहिलं आहे, त्यात हे वाक्य सगळ्यात नेमकं आहे आणि ते माझं नाही. सिनेमात त्या बायका स्वच्छ ऐकू येतात, कारण तो सिनेमा आहे आणि त्यांना ऐकवणं हाच त्याचा हेतू आहे. वखारीत त्या एकमेकींनाही धड ऐकू येत नसत. घरी पानं हाताळण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच असावा: पडद्यावर आणि कागदावर जे येऊ शकत नाही, त्याचा निदान एक चिमूटभर अंदाज माझ्या घशाला आला. चिमूटभरच. मला हवं तेव्हा खिडकी उघडता येत होती, आणि सोमवारी सकाळी मी लॅपटॉपसमोर होतो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा एक सिगार बरोबर नेला. तेव्हाचा माझा सगळ्यात चांगला: सरळ जळणारा, नीट ओढता येणारा, कापाच्या शिरा आतल्या बाजूला, टोपी गुळगुळीत. कुणी ओढावा म्हणून नेला नव्हता. मला तो आजीला दाखवायचा होता. तिनं तो उलटसुलट केला, कानाशी नेऊन दाबून बघितला आणि मी काही बोलायच्या आत मधोमध मोडला. माझं सगळं वळण जमिनीवर पडलं. तिनं गाभ्यातलं एक पान ओढून काढलं, तळव्यावर चुरलं, अंगठ्यानं मळलं आणि नाकाशी धरलं. बराच वेळ.

"ऊब बरी दिलीया," ती म्हणाली. "कुनी दिली?"

पाकिटावर फक्त देशाचं नाव होतं. मी तेवढंच सांगितलं.